आमटीचं पातेलं आणि आप्पाजींची गाडी

ज्याचं नाव घ्यायला जमलो, त्याचं नाव घ्या मंडळी — आणि जरा मोठ्यानं! मागच्या ओळीचा आवाज इथवर पोचत नाही. प्रसादाच्या वेळी बरोबर पोचतो!

हां. टाळकरी, आता हात थांबवा. मृदंगवाले बुवा, घोटभर पाणी प्या. आणि मंडळी, ऐका. आज आधी प्रश्न, मग गोष्ट. पारख कशानं करायची? माणसाची म्हणा, वस्तूची म्हणा — अंगावरच्या रंगानं करायची, की पाठीवरून वाहिलेल्या ओझ्यानं?

बघा, बघा! सगळ्यांच्या माना हलल्या! 'ओझ्यानं महाराज, ओझ्यानं!' अहो, कीर्तनात सगळेच ओझ्याच्या बाजूचे. आणि उद्या पोराला मुलगी बघायला गेलात की पहिला प्रश्न काय? 'रंगानं कशी आहे हो?' खरं की खोटं? त्या खांबाजवळच्या काकू हसल्या — म्हणजे खरं!

म्हणून आजच्या आख्यानाला एक ओळ धरू.

रंग नेईल पाऊसपाणी ।
ओझं सांगेल खरी कहाणी ॥

ही ओळ माझीच आहे, मोडकीतोडकी. संतांच्या नावावर खपवत नाही! म्हणा एकदा माझ्याबरोबर... वा! पेटीवाले, तुमचा सूर वर गेला, हरकत नाही, आपण सगळे तिकडंच निघालोय.

आता तुम्हाला वाटेल, महाराज एखाद्या राजाची गोष्ट काढणार. नाही! आजची गोष्ट पिकअप गाडीची. हो, हो — पिकअप! मागं हौदा असतो, मालाची असते, तीच! हसू नका. ज्यानं रणात घोडे हाकले, त्याच्या दरबारात गाडीचं आख्यान चालतं. तो रथात मागं रेलून बसला नव्हता मंडळी, पुढं बसला होता — लगाम धरून!

तर कोल्हापूरच्या अंगाला, डोंगराच्या कडेला गाव नांदणवाडी. आणि गावात बाई हौसाक्का वडगावे. आचारीणबाई! तिच्या हाताखाली वाडीतल्या आठ-दहा बाया. नवऱ्यामागं तिनं हे चुलवाण पेटवलं आणि त्या सगळ्यांची घरं त्यावर चालायला लागली. आणि आमटी? काय सांगू तुम्हाला! पंगतीत माणसं भात उरला म्हणून आमटी मागायची, मग आमटी उरली म्हणून भात मागायची. हे चक्र चालूच! तुम्हीही केलंय हे, मला नका सांगू.

पण हौसाक्काची एक रीत होती. ती मांडवात जाऊन शिजवायची नाही. स्वतःच्या परसात, स्वतःच्या चुलवाणावर, स्वतःच्या आडाच्या पाण्यात शिजवायची. म्हणायची, "माझ्या आडाच्या पाण्यात डाळ लोण्यासारखी शिजती. दुसऱ्याच्या पाण्याची हमी मी कशी देऊ?" आणि मग ती कढत पातेली गाडीत घालून लग्नाच्या गावी पोचवायची.

आता आली का पंचाईत ध्यानात? आमटी शिजवणं हातातलं आहे, पोचवणं हातातलं नाही! भाड्याच्या टेम्पोचा ड्रायव्हर एकदा असा काही सुटला, की अर्धी आमटी रस्त्यानं प्याली. पंगत बसली, भात वाढला, आणि आमटी पहिल्या दोन ओळींतच संपली. लोक कोरडा भात चिवडत बसले. झालं! आपल्या माणसांना चांगलं विसरायला सकाळ पुरत नाही, वाईट विसरायला जन्म पुरत नाही. चारी गावांत नाव पडलं — 'हौसाक्काची कोरडी पंगत!'

बाई खचली का? छे! पदर खोचला आणि म्हणाली, "आता गाडी आपली घ्यायची. मोठी, हौद्याची. नवी का जुनी ते बघू, पर आपली!" आणि सांगून ठेवतो, घाई होती. पुढच्या महिन्यात मगदूमांच्या घरचं लग्न. आनंदराव मगदूम म्हणजे गावातलं मोठं घर, एकुलती लेक. ही पंगत साधली तर नाव धुऊन निघणार. ही फसली, तर चुलवाण कायमचं थंड. आणि एकटीचं नाही, त्या आठ-दहा घरांचं!

हौसाक्काचा मुलगा दिगंबर. लग्नाचं वय झालेला, हौशी, गॉगलवाला. तो म्हणाला, "आई, नवीच घ्यायची. कोरी! दारात उभी राहिली की लोकांनी बघत राहावं!"

हौसाक्का म्हणाली, "लोकांनी बघत ऱ्हावं म्हणून घ्यायची, का लोकांनी जेवावं म्हणून?" पण म्हणाली, चला, बघायला काय जातंय!

गेले दोघं शहरातल्या शोरूममध्ये. अहाहा! गार हवा, काचेचं दार, फरशी अशी की आपलं तोंड दिसावं. टाय लावलेला विक्रेता धावत आला. "या मॅडम! थंड घेणार की चहा?" हौसाक्कानं इकडंतिकडं बघितलं, मॅडम कोण आली म्हणून! मग त्यानं गाडी दाखवली. पांढरीशुभ्र, बसायची जागा मऊ, पुढं टीव्हीसारखा पडदा. दिगंबर आत बसला तो बाहेर यायला तयार नाही. विक्रेता सांगतोय, हॉर्सपॉवर, टॉर्क, वॉरंटी... हौसाक्का शांतपणे ऐकतेय. सगळं झाल्यावर म्हणाली,

"दादा, एक पातेलं ठिवून बघू का?"

"काय ठेवून?"

अहो, बाईनं घरातनं मोठं पातेलं आणलं होतं! रिक्षात मांडीवर घेऊन! शोरूमच्या नळावर ते काठोकाठ भरलं, हौद्यात ठेवलं, आणि म्हणाली, "आता चालवा. त्या कोपऱ्यापतूर जाऊन या. मी मागं बसते."

विक्रेत्याच्या तोंडचं पाणी पळालं — आणि थोड्या वेळानं पातेल्यातलंही! नवी गाडी, चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे टणक, रिकामा हौदा, आणि चालवणारा घाईतला. पहिल्याच गतिरोधकाला पाणी उडालं ते थेट हौसाक्काच्या अंगावर. परत आली ती नखशिखान्त भिजून.

विक्रेता म्हणाला, "मॅडम, सॉरी! पण माल भरला की गाडी बसते हो."

आणि खरं बोलला बिचारा. नव्या गाडीचा दोष नाही मंडळी, नाहीतर उद्या म्हणाल महाराजांनी सांगितलं नवी घेऊ नका! हौसाक्कानंही दोष दिला नाही. पदर पिळत म्हणाली, "गाडी गुणी हाय, दादा. पर पोर हाय अजून. तिनं कायबी वाह्यलं न्हाई."

मग गेले जुन्या गाड्यांच्या वाड्यावर. तिथला मालक तर गोडबोल्या. "आक्का, ही बघा! एका मास्तरांची गाडी. रविवारी देवाला जायची फक्त!" मालाची गाडी घेऊन देवाला जाणारे मास्तर तुम्ही कुणी पाहिलेत का? रंग चकचकीत, टायरला काळं पॉलिश, आत अत्तराचा वास. हौसाक्कानं काय केलं? बाजारात बाई मडकं कसं घेते? वाजवून! तिनं बोटं मुडपली आणि गाडीच्या अंगावर टिचकी मारत निघाली. टण्... टण्... टण्... बद्द! परत मारली. बद्द! म्हणाली, "दादा, हे मडकं फुटल्यालं हाय. पुट्टी भरून वर रंग फासलाय न्हवं?" मालक म्हणतो, "आक्का, तुम्ही बसा, चहा सांगतो." वाजलं म्हणजे चहा येतोच!

रंग नेईल पाऊसपाणी... म्हणा, म्हणा!

आता नांदणवाडीत एक गाडी विकायची होती, आणि ती कुणीच घेत नव्हतं. आप्पाजी खोतांची. मोठ्या हौद्याची, जुनी, पण ठेवलेली अशी की देव्हारा वाटावा. आप्पाजींचा गुडघा गेला, क्लच दाबला की कळ मस्तकात जायची. म्हणून विकायला काढली. मग घेत का नव्हतं कुणी?

कारण गावात तिचं नाव पडलं होतं — 'मढ्याची गाडी!'

ऐका कारण. डोंगरातल्या त्या वाड्यावस्त्यांवर दुसरी गाडी नव्हती. कुणाला साप चावला, कुणाला कळा सुटल्या, कुणाच्या छातीत दुखलं, की हाक जायची आप्पाजींना. आणि हा गडी भरल्या ताटावरून उठायचा! हौद्यात गवत पसरायचं, वर गोधडी, वर माणूस, आणि निघाला तालुक्याला. विचारणं नाही, भाडं नाही. आणि दवाखान्यात कुणी दगावलं, तर त्याला परतही हाच आणायचा. आणून सोडलं की नदीवर जाऊन सगळी गाडी धुवायची आणि पुढं एक झेंडूचं फूल ठेवायचं.

पण लोकांनी काय बघितलं? फक्त परत आलेलं! तोंडावर पदर घेऊन बाया म्हणायच्या, "आली बाई मढ्याची गाडी." आणि मंडळी, हौसाक्काही त्यातच होती हं! तीही म्हणायची. बाई गोष्टीतली आहे म्हणून धुतल्या तांदळाची समजू नका.

दिगंबरला आईचा डोळा तिकडं वळलेला दिसला आणि तो ताडकन उठला. "आई! लग्नाचं जेवण मढ्याच्या गाडीतनं? मगदूमांचे पाव्हणे ताटावरनं उठतील! कोरड्या पंगतीचं नाव तरी धुतलं जाईल, हे न्हाई धुतलं जायचं!"

चूक बोलला का पोरगा? नाही! व्यवहाराला धरून बोलला. हौसाक्कालाही ते पटलं. पण ती म्हणाली, "घेत न्हाई. नुसतं पातेलं ठिवून बघते."

पातेलं आलं आप्पाजींच्या दारात. म्हातारा ओट्यावर गुडघ्याला तेल चोळत बसलेला. हौसाक्कानं सांगितलं, गाडी बघायची आहे. आप्पाजींनी तिच्याकडं बघितलं आणि काय म्हणाले माहीत आहे? विकणारा माणूस काय म्हणतो? 'घ्या, अशी गाडी मिळणार नाही!' आप्पाजी म्हणाले,

"पोरी, तू लग्नाचं जेवान नेणार. ही घिऊ नगंस. माझी गाडी अपशकुनी हाय. मी नेल्यालं माणूस जगत न्हाई."

ऐकलंत? लोकांनी इतकं म्हटलं, इतकं म्हटलं, की म्हाताऱ्यालाही ते खरं वाटायला लागलं होतं!

हौसाक्का म्हणाली, "शकुनाचं मागनं बघू. आधी पाणी हिंदकळतंय का बघू."

आडाचं पाणी काठोकाठ भरलं. हौसाक्का हौद्यात बसली. आप्पाजी गुडघ्याची कळ सोसत चढले आणि गाडी निघाली — कालव्याच्या रस्त्यानं! त्या रस्त्याची काय कथा सांगू. खड्ड्यात रस्ता होता. पण गाडी अशी चालली, की खड्डा आला की आधी वाकून नमस्कार करायची आणि मग अलगद उतरायची. पातेल्यातलं पाणी काठाशी यायचं, बाहेर बघायचं, आणि परत आत जायचं. एक थेंब नाही सांडला!

आणि मग आलं कालव्याचं वळण. गाडी कलली. आणि हौसाक्काचा हात... तिनं नेला नाही मंडळी, आपोआप गेला... हौद्याच्या कडेला एक लोखंडी कडी होती, तिच्यावर गेला आणि घट्ट बसला. बाईनं कडीकडं बघितलं. हाताकडं बघितलं. हाताला कसं ठाऊक, इथं कडी आहे?

आणि मग सगळं आठवलं! लग्न झालं होतं, पोर पदरात होतं, घरच्या चुलीवरची तेलाची कढई कलंडली आणि कमरेपासून खाली पाय भाजला होता. नवरा डोक्याशी बसलेला, वर नुसतं आभाळ, आणि हाताला ही कडी. ही कडी धरून ती तालुक्यापर्यंत गेली होती! ह्याच गाडीतनं!

तुम्ही विचाराल, 'महाराज, तिला माहीत नव्हतं का?' माहीत होतं हो! गाडी आप्पाजींची होती हे चांगलं माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि आठवणं वेगळं. गरज सरो, वैद्य मरो. बरी झाली, एसटीनं घरी आली, कामाला लागली. आणि चार बाया म्हणाल्या 'मढ्याची गाडी', तर हीही म्हणाली 'मढ्याची गाडी'! ज्या गाडीत जीव वाचला, तिलाच नाव ठेवलं.

गाडी थांबली. हौसाक्का खाली उतरली ती रडतच. म्हणाली, "आप्पाजी, तुमी मला न्हेलं हुतं. मी जगले की!"

आप्पाजी म्हणाले, "तू तुझ्या नशिबानं जगलीस, पोरी. गाडीचं काय त्यात?"

आणि तिथं, मंडळी, त्या कालव्याच्या काठावर हौसाक्काच्या डोक्यात लख्ख उजेड पडला! म्हणाली, "जगलं की नशीब, आन् मेलं की गाडी? हा कुठला न्याय, आप्पाजी? मेल्यालं माणूस तुमच्या गाडीतनं परत येतंय, ते सगळं गाव बघतंय. बरं झाल्यालं माणूस एसटीनं येतंय! ते कंडक्टरबिगार कोण बघतंय?"

घ्या! आहे का उत्तर? जाणारे सगळे त्याच गाडीतनं गेले. वाचलेले एसटीनं आले, न वाचलेले गाडीतनं आले, आणि आपण परतीच्या गाडीवरून हिशेब मांडला! अहो, देवाचाही हिशेब आपण असाच मांडतो. पास झालो तर अभ्यास केला, नापास झालो तर देवानं दिलं नाही!

हौसाक्कानं गाडी घेतली. तिथंच, कालव्यावर, पातेल्यातलं पाणी गाडीच्या चाकांवर घालून. दिगंबर आठवडाभर बोलला नाही.

आणि पुढची गंमत ऐका. दिगंबरनं गाडी चालवायला घेतली — आणि अर्धं पातेलं रिकामं! तीच गाडी, तोच रस्ता! हौसाक्का कपाळाला हात लावून आप्पाजींकडं गेली. "गाडी घेतली, आप्पाजी. आता हात कुठनं आणू?" म्हातारा पहिल्यांदा हसला. म्हणाला, "हात देतो की!" आणि लग्नापर्यंत रोज दिगंबरच्या शेजारी बसायला लागला. "लेका, मागं आमटी हाय असं समजू नगंस. मागं कळा देणारी बाई हाय असं समज. आता ब्रेक लाव बघू." गॉगल कधी खिशात गेला ते दिगंबरला कळलं नाही. अहो, हात काही बाजारात मिळत नाही, तो असा शेजारी बसूनच मिळतो!

आला लग्नाचा दिवस. पहाटेपासून चुलवाण धडधडतंय. वरणभात, वांग्याची भाजी, बुंदी, आणि ती आमटी — फोडणीचा वास वेशीपर्यंत! पातेली चढली, बाया चढल्या, दिगंबर चाकावर, शेजारी आप्पाजी, पुढं झेंडूचं फूल. मांडव कालव्यापलीकडं, मगदूमांच्या मळ्यात; सगळी वाट पार केली, थेंब सांडला नाही. अक्षता पडल्या, पंगत बसली, पानं मांडली, गाडी मांडवाच्या तोंडाशी आली. आणि...

"थांबवा!"

नवऱ्यामुलाचा मामा! फेटा, मिशा, लग्नातला खरा राजा तोच! कुणीतरी जाऊन कानाला लागलं होतं. असा एकजण प्रत्येक गावात असतो. तुमच्या गावात नाही... असं म्हणू? म्हणतो, म्हणतो, मला अजून जेवायचंय इथं!

मामा आडवा उभा राहिला. "आनंदराव! ही मढ्याची गाडी म्हणं? शुभकार्यात हे जेवान? आमचं एक माणूस पानावर हात लावणार न्हाई!"

सनई थांबली. आप्पाजी मुकाट्यानं खाली उतरले, डोक्याची टोपी काढून हातात घेतली, आणि बाजूला जाऊन उभे राहिले. जणू खरंच गुन्हा केला होता.

दिगंबर आईकडं बघतोय. आता काय? आठ-दहा घरांचं चुलवाण त्या एका वाक्यावर लटकलेलं! पाय धरावेत? दुसऱ्या गाडीत घालून आणतो म्हणावं?

हौसाक्का हौद्यात उभी राहिली. हातात झारा. म्हणाली, "पाव्हणं, मी मढं दिसते का?"

मामा म्हणाला, "आँ?"

"न्हाई, बघा नीट. ह्याच गाडीतनं मला न्हेलं हुतं, अर्धी भाजल्याली. ह्याच हौद्यात निजले हुते. मी परत आले म्हणून आज तुमच्या पानात आमटी हाय. गाडीला काय म्हणायचं ते म्हणा, पर आधी मला म्हणा. मी मढं हाय का?"

मामा मिशीला पीळ देऊन म्हणाला, "एक वाचली म्हणून काय झालं? गेली किती?"

आणि तेव्हा, मंडळी, मुलीचा बाप पुढं आला. आनंदराव. आता विचार करा, मुलीचा बाप! व्याह्यांकडचा मामा चिडलेला, लेक आत्ताच बोहल्यावरून उतरलेली. अशा वेळी बाप काय करतो? हात जोडतो, चूक झाली म्हणतो. आनंदरावांनी हात जोडलेही. पण मामाला नाही. ते चालत गेले त्या बाजूला उभ्या असलेल्या म्हाताऱ्यापाशी, आणि त्याच्यापुढं हात जोडले.

म्हणाले, "मामासाहेब, गेलेल्यांचं विचारलंत न्हवं? मी सांगतो. माझे वडील गेले ह्या गाडीत. तालुक्याला न्हेताना, वाटंतच. मी डोकं मांडीवर घिऊन बसलो हुतो. आप्पाजींनी गाडी अशी आणली, की वडील मला म्हणाले, 'आनंदा, दुखायचं थांबलं बघ. झोप येती.' त्याच झोपंत गेले. माझ्या बापाची शेवटची वाट ह्या माणसानं सोपी केली. आन् मी आजपतूर त्याला एकदाबी बोललो न्हाई. उलट गाव म्हणालं मढ्याची गाडी, तर मी खाली मान घालून ऐकून घेतलं."

आणि पुढचं वाक्य आनंदरावांनी सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं म्हटलं —

"माझ्या लेकीच्या लग्नाला तिचा आजा न्हाई, म्हणून सकाळपासून मनाला खात हुतं. आज तिच्या लग्नाचं जेवान त्याच गाडीतनं आलं. माझा बाप आला मांडवात! गाडी आत घ्या!"

आणि नारळ मागवून, गाडीच्या पुढं, स्वतःच्या हातानं फोडला!

बोला! बोला त्याचं नाव! आता कसा आवाज पोचला मागून!

मामा? मामा बसला की! पहिल्या पंगतीत बसला. आमटी किती वाट्या घेतली विचारू नका, पाहुण्यांच्या वाट्या मोजू नयेत. शेवटी भात मागितला, एवढं सांगतो!

आणि आप्पाजींना आनंदरावांनी हाताला धरून आपल्या शेजारी पानावर बसवलं. हौसाक्का स्वतः वाढायला आली. आणि तेवढ्यात समोरच्या ओळीतली एक म्हातारी म्हणाली, "आप्पाजी, माझी नात ह्याच गाडीत झाली. कालव्याच्या वळणावर. बारावीला हाय आता." पलीकडून एक गडी म्हणाला, "मला जनावर चावलं हुतं. तुमीच न्हेलं." डोंगरवस्तीवरचा एकजण पान सोडून उठून आला. "माझ्या बायकूला न्हेलं हुतं तुमी. ती बघा, बुंदी वाढतीया!" भात वाढला जातोय, आमटी वाढली जातेय, आणि या ओळीतनं त्या ओळीतनं माणसं बोलतायत — मी, माझा पोरगा, माझी आई...

आणि आप्पाजी? घास हातात तसाच. डोळ्यांतनं पाणी पानावर पडतंय. एवढी माणसं जिवंत होती मंडळी! एवढी! आणि एकानंही कधी येऊन सांगितलं नव्हतं. म्हाताऱ्यानं हौसाक्काकडं बघितलं आणि लहान पोरासारखं विचारलं,

"पोरी... एवढी जगली व्हय गं?"

आता गाडीचं पुढं काय झालं सांगतो आणि थांबतो. ती अजून चालते. लग्नाची पातेलीही नेते, आणि हाक आली की पातेली उतरवून माणसंही नेते. चाकावर दिगंबर असतो. लोक गाडीच्या मागं काय काय लिहून घेतात, तुम्ही वाचता रस्त्यानं. हौसाक्कानं पेंटर बोलावला आणि मागच्या फळीवर एवढंच लिहून घेतलं —

बरं होऊन आलात तर सांगत जा.

मंडळी, नवी गाडी घ्या, जुनी घ्या, तुमची ऐपत आणि तुमची निवड. घ्यायच्या आधी टिचकी मारा, पातेलं ठेवा, पाणी हिंदकळतंय का बघा. ते मी नाही, हौसाक्का सांगतेय. मी फक्त सुरुवातीचा प्रश्न परत तुमच्या पुढ्यात ठेवतो. तेव्हा माना हलवल्या होत्या. आता हलवू नका, आता आठवा.

तुम्हालाही कुणीतरी कधीतरी नेलं आहे. कुणी पाठीवरून नेलं, कुणी शब्दावरून नेलं. फी भरली नाही तेव्हा वर्गात बसू देणारे मास्तर असतील. घरात आजारपण होतं तेव्हा तुमच्या पोरांना जेवू घालणारी शेजारीण असेल. भांडून तोंड फिरवलंत तो भाऊ असेल. तुम्ही बरे झालात आणि एसटीनं परत आलात. कुणी बघितलं नाही. तुम्हीही सांगितलं नाही. आणि तो माणूस कुठल्यातरी ओट्यावर गुडघा चोळत बसलाय. त्याला वाटतंय, आपल्या हातून कुणाचंच भलं झालं नाही.

देवळातनं बाहेर पडलात की उजवीकडं तुमचं घर असेल. आज जरा डावीकडं वळा. त्याच्या दारात जा. आरती घेऊन जाऊ नका, हार नेऊ नका. फक्त कडी वाजवा आणि सांगा — 'मी जगलो.'

रंग नेईल पाऊसपाणी ।
ओझं सांगेल खरी कहाणी ॥

टाळ उचला आता. आणि सगळे म्हणा. ज्याला कुणी आठवलं असेल, त्यानं जरा जास्त मोठ्यानं!